तांदूळ नव्हते ते

विनिफ्रेडच्या लग्नात आम्ही तांदूळ उधळले नाहीत.
चर्चच्या पायऱ्यांवर, नोव्हेंबरच्या वाऱ्यात,
आम्ही सातजणींनी उधळले कपटे,
कार्डांना भोकं पाडताना खाली ट्रेमध्ये पडणारे,
तांदळाएवढेच, पण काटकोनी,
महिनाभर बिस्किटांच्या डब्यात साठवलेले.
तिच्या सासूबाईंच्या टोपीत ते जाऊन बसले
नि ईस्टरपर्यंत निघता निघेनात.

ब्रॅडफर्ड, अठ्ठावन्न साल.
गिरणीच्या जुन्या लोकरगोदामात यंत्र आणून बसवलेलं,
भिंतींना अजून मेंढ्यांचा वास.
तीन हजार माणसांचा पगार ते काढायचं
आणि पगार कसा काढायचा ते त्याला आम्ही सांगायचो.
मागची जाळी इतकी तापायची
की आम्ही तिच्यावर दुपारचे डबे ठेवायचो.
इंजिनिअर ओरडायचा,
मग हळूच स्वतःचाही आणून ठेवायचा.

विनीची आई त्याच गिरणीत, तिसऱ्या मजल्यावर.
कापड उजेडासमोर धरून
बोटांनी गाठी हुडकायची,
तुटला धागा सुईनं असा भरायची
की विणणाऱ्यालाही आपली चूक दिसू नये.
"खाली तू नक्की काय करतेस गं?" ती विचारायची.
"तेच," विनी म्हणायची, "फक्त कापड नसतं."
आईला वाटायचं, पोरगी काहीतरी लपवतेय.

विनीचा हुद्दा होता
यंत्र-कारकून, महिला, श्रेणी दोन.
श्रेणी एक
कुणालाच कधी मिळाली नव्हती.

उन्हाळ्यात क्लाइव्ह रॅम्सडन आला.
वाईट नव्हता. पेन्सिलीला टोक नीट करायचा.
विनीनं त्याला पहिल्या दिवशी सांगितलं,
"यंत्राला कागद दिसत नाही, भोक दिसतं.
जे काढून टाकलंय, तेच ते वाचतं.
तूही तसंच वाच."
त्यानं ते वहीत उतरवून घेतलं.
सप्टेंबरात तो तिचा साहेब झाला,
दीडपट पगारावर.
नोव्हेंबरात तिचं लग्न,
आणि लग्न झालेल्या बाईला तिथं खुर्ची नव्हती.
कंपनीनं घड्याळ दिलं.
ते दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं.

पुढची गोष्ट आम्हाला विनीनंच सांगितली,
तीही खूप उशिरा, हसत हसत.
दीड वर्षांनी, गुरुवारी रात्री, दारात क्लाइव्ह.
रेनकोटच्या आत कार्डांचा ट्रे
तान्ह्या बाळासारखा धरलेला.
रंगखात्याचा ओव्हरटाइम मिळवायच्या ऐवजी
वजा होत होता, आणि उद्या पगार.
विनीच्या खांद्यावर खरंखुरं बाळ,
हात दुधानं चिकट.
ती म्हणाली, "आधी हात धुते. तोवर हिला धर."

मग स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली
एकेक कार्ड उजेडासमोर धरत गेली,
आईसारखी, डोळ्यांआधी बोटांनी.
चहा निवला. बाळ क्लाइव्हच्या टायवर ओकलं.
एकशे एक्केचाळिसाव्या कार्डावर ती थांबली.
"हे," ती म्हणाली, "एक घर खाली सरकलंय."

शुक्रवारी रंगखात्याला पुरते पैसे मिळाले.
नोंदवहीत क्लाइव्हच्या सुरेख अक्षरात ओळ आली:
दोष सापडला. दुरुस्त केला.

सापडला. केला.
कुणाला, कुणी?
वाक्याला काही अडत नाही.

म्यूरिएलला तेव्हाच शंका आली होती.
तिनं समासात पेन्सिलीनं बारीक "वि." काढला.
कुणीतरी खोडला. तिनं पुन्हा काढला.
नंतर ती वही कुठं गेली, देव जाणे.
गिरणीच राहिली नाही.

पण ती टोपी म्यूरिएलला सापडली,
सासूबाई गेल्यावर, चर्चच्या जुन्या बाजारात.
सहा पेन्सला घेतली, घरी येऊन झटकली.
अस्तराच्या शिवणीतून
एक कपटा टेबलावर पडला.
आम्ही चष्मे लावून आळीपाळीनं पाहिला.
कुठल्या कार्डाचा,
कुठल्या अक्षराचा,
एकीलाही सांगता येईना.